मोबाइलच्या दाव्याला बांधलेला संगणक

परभणी जिल्ह्यातील मानवत हे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी मराठवाड्याला परिचित आहे. पण रेल्वेच्या वेळापत्रकात मानवत सापडत नाही, तेथे 'मानवत रोड' आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून हैदराबाद–मनमाड हा लोहमार्ग टाकण्यात आला, तेव्हा तो गावापासून दूरवरून गेला आणि गावाच्या नावाला 'रोड' हे शेपूट जोडून स्टेशन उभे राहिले. आगगाडी आली खरी, पण गाव आणि स्टेशन यांमधला रस्ता बैलगाडीवाल्याचाच राहिला. कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या असोत वा हैदराबादला, त्यांचा पहिला टप्पा बैलांच्या पायांनीच पुरा होई. इंटरनेटच्या बाबतीत मानवतसारख्या गावांची आजची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. मोबाइलचे मनोरे उभे राहिले, शिवारात उभ्या माणसाच्या खिशापर्यंत जाळे पोचले; पण ज्या कामांना टेबल, कळफलक आणि मोठा पडदा लागतो त्या कामांच्या संगणकापर्यंत ते आपणहून पोचत नाही. खिशातला फोन आणि टेबलावरचा संगणक यांमधले हे हातभर अंतर ज्या युक्तीने तोडले जाते तिला इंग्रजीत 'टेदरिंग' म्हणतात आणि बोलीत 'हॉटस्पॉट चालू करणे'.

इंग्रजीतला मूळ 'टेदर' म्हणजे गुरे बांधण्याचे दावे. मराठीत 'दावे' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, हक्कसांगणीचा. आणि या विषयात दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेला डेटा कोणत्या यंत्रावर वापरावा, हे ठरविण्याचा हक्क ग्राहकाचा की तो विकणाऱ्या कंपनीचा, हा मूळ वाद आहे. जगात तो पंधरा-वीस वर्षे चालला. भारतात तो मोठ्याने झालाच नाही. तो न होताच त्याचा निकाल मात्र लागून गेला आहे, आणि तो निकाल मानवतच्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या पदरात काय टाकतो हे पाहण्यासारखे आहे.

या तिघांचीच नावे घेण्याला कारण आहे. २०१५ पासून महाराष्ट्रातील शाळांची माहिती 'सरल' प्रणालीत भरावी लागू लागली; 'यूडायस'ची माहिती, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक जुळविणे, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासून पुढे पाठविणे हे सारे आता संगणकाच्या पडद्यावरच होते. ज्या शाळेत तारेने येणारे इंटरनेट नाही, किंवा जोडणी आहे पण महिन्यातले पंधरा दिवस बंद आहे, तेथे मुख्याध्यापक खिशातला फोन काढून टेबलावर ठेवतो आणि शासनाचे काम स्वतःच्या डेटावर पुरे करतो. कचेऱ्यांतून वेगळे काही घडत नाही. विद्यार्थ्याचे तर विचारूच नये. स्पर्धा परीक्षांचे अर्ज फोनवरून भरता येतात हे खरे. परंतु छायाचित्र इतक्या केबीचे, स्वाक्षरी तितक्या केबीची, जातीचे प्रमाणपत्र पीडीएफमध्ये, अशा अटी पुऱ्या करताना सहा इंचांच्या पडद्यावर ज्याने डोके घातले आहे त्याला संगणकाची किंमत कळते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग भरले ते फोनवर. आणि ज्या घरात दोन भावंडे शिकत होती तेथे एका फोनवरून दुसऱ्या यंत्राला जाळे पुरवावे लागले. त्या वर्षी अनेक घरांनी हॉटस्पॉट हा शब्द प्रथमच ऐकला.

एका आकड्याची चुगली

ही युक्ती तांत्रिकदृष्ट्या साधी आहे. फोन एरवी स्वतःपुरता डेटा घेतो. हॉटस्पॉट चालू केला की तो पोस्टमनचे काम करू लागतो: संगणकाकडून आलेली पुडकी आपल्या पत्त्यावरून बाहेर धाडतो आणि आलेली उत्तरे संगणकाकडे वळती करतो. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, फोनचा. मग आत संगणक बसला आहे हे कंपनीला कळते कसे? प्रत्येक पुडक्यावर एक लहानसा आकडा असतो. पुडके जाळ्यात दिशाहीन फिरत राहू नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की पुडके टाकून दिले जाते. अँड्रॉइड फोन आपले पुडके बहुधा ६४ आकडा घालून सोडतो, विंडोज संगणक १२८. फोनमधून मार्ग काढताना संगणकाच्या पुडक्याचा एक टप्पा खर्ची पडतो आणि मनोऱ्यावर ते १२७ होऊन उतरते. ६४ च्या रांगेत १२७ दिसला की तपासणाऱ्याला उमजते की मागे कोणी दुसरे आहे. याखेरीज ब्राउझर स्वतःच आपण कोणत्या यंत्रावर चालतो ते सांगत असतो. आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये टेदरिंगचा डेटा वेगळ्या दारातूनच बाहेर पडावा अशी व्यवस्था केलेली असते, म्हणजे त्याची मोजणीही वेगळी करता येते. या चुगलखोर आकड्याला पुन्हा ६४ करण्याच्या, किंवा सारा व्यवहार व्हीपीएनच्या बंद नळीतून नेण्याच्या युक्त्या जगभरच्या विद्यार्थ्यांनी काढल्या. त्यांत अद्भुत असे काही नाही. जकात नाका उभा राहिला की आडवाट पडतेच.

मानवतच्या कापूसवाल्यांना हे कोणी शिकवायला नको. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि कापूस शासनालाच विकण्याचे बंधन आले, तेव्हा शेजारच्या राज्यात भाव चढा असला की कापसाच्या गाड्या रात्रीतून सीमेपार जात. त्या शेतकऱ्याला चोर म्हणणे कोणाच्याही जिभेवर आले नाही, कारण माल त्याचाच होता.

अमेरिकेतला तंटा

टेदरिंगवरचा खरा तंटा अमेरिकेत पेटला, आणि तो पैशाचा होता. आयफोनमध्ये टेदरिंगची सोय जून २००९ च्या नव्या प्रणालीबरोबर आली, पण तेथील एटी अँड टी या कंपनीने आपल्या ग्राहकांना ती जून २०१० पर्यंत दिली नाही. आणि दिली तेव्हा महिना वीस डॉलर जादा मागितले. या वीस डॉलरांत डेटा एक थेंबही जास्त मिळत नव्हता. ग्राहकाने आधीच विकत घेतलेला डेटा दुसऱ्या पडद्यावर पाहण्याची ती निव्वळ परवानगी होती. फोनचे कुलूप तोडून परस्पर हॉटस्पॉट चालविणाऱ्यांना मार्च २०११ मध्ये कंपनीने कळविले की, हे थांबवा, नाहीतर तुम्हाला पंचेचाळीस डॉलरांच्या योजनेत आपोआप हलविले जाईल. कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. या मंडळींकडे 'अमर्याद' डेटाची योजना होती, आणि फोनवरचा अमर्याद वापर व संगणकावरचा अमर्याद वापर यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. प्रश्न इतकाच होता की, 'अमर्याद' हा शब्द जाहिरातीत घातला कोणी? तो ग्राहकाने घातला नव्हता.

दुसऱ्या बड्या कंपनीची, व्हेरायझनची, गोष्ट अधिक बोधप्रद आहे. या कंपनीने २००८ च्या लिलावात रेडिओलहरींचा एक असा पट्टा घेतला होता, ज्याच्या अटीच मुळी खुलेपणाच्या होत्या: ग्राहकाला हवे ते यंत्र आणि हवा तो प्रोग्रॅम त्यावर वापरता आला पाहिजे. तरीही टेदरिंगचे फुकट प्रोग्रॅम आपल्या ग्राहकांना दिसू नयेत अशी व्यवस्था तिने गुगलच्या दुकानातून करवून घेतली, आणि स्वतःच्या टेदरिंग सेवेला महिना वीस डॉलर लावले. तक्रार झाली, चौकशी झाली, आणि जुलै २०१२ मध्ये कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटविले. मोजून डेटा घेणाऱ्या ग्राहकांना टेदरिंगसाठी जादा शुल्क पडू नये हेही त्यातून ठरले. मोजून घेतलेल्या मालावर वापराची अट नाही, हे तत्त्व एका अर्थी तेथे मान्य झाले.

त्या तत्त्वाचे मूळ आणखी मागे आहे. १९५०-६० च्या काळात अमेरिकेतील बेल कंपनी आपल्या तारेला परके काहीही जोडू देत नसे. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडावर बसवायची एक साधी टोपी निघाली, तिलाही कंपनीने हरकत घेतली. १९५६ साली न्यायालयाने ती हरकत फेटाळली. पुढे टेक्सासमधील टॉमस कार्टर या उद्योजकाने तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना बिनतारी संचावरून दूरध्वनीवर बोलता यावे म्हणून 'कार्टरफोन' काढला. कंपनीने तो नियमबाह्य ठरविला. १९६८ साली तेथील नियामक आयोगाने निर्णय दिला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपले यंत्र जोडावे. या एका निर्णयाने पुढे संदेश टिपून ठेवणारी यंत्रे, फॅक्स आणि मोडेम यांना दार उघडून दिले. मोडेम नसता तर घराघरांत इंटरनेट पोचले नसते हे लक्षात घेतले म्हणजे तेलविहिरीवरल्या त्या खटपटीचे मोल कळते.

आपल्याकडची परंपरा

आपल्याकडे असा कार्टर निपजला नाही, आणि निपजता तरी त्याचे काय झाले असते ते सांगायला ज्योतिषी नको. टपाल-तार खात्याच्या अमदानीत दूरध्वनीचे यंत्र खात्याचे, तार खात्याची, आणि ग्राहकाच्या हाती फक्त बिल. रेडिओ ऐकण्यासाठीदेखील पोस्टातून परवाना घ्यावा लागे. घरच्या रेडिओला एक दर आणि गिऱ्हाइकांसाठी हॉटेलात लावलेल्या रेडिओला वेगळा, अशी विभागणी होती. हा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. लहरी त्याच, गाणी तीच. ऐकणारा कोठे बसला आहे यावरून दर बदले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हीच वृत्ती नव्या वेषात आली. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातले 'शेल' खाते निघाले, पण त्यात पडद्यावर केवळ अक्षरे उमटत. चित्रांसह इंटरनेट हवे तर कितीतरी पटींनी महाग खाते घ्यावे लागे. टेलिफोनची तार तीच होती, मोडेमही तेच. त्या अक्षरी खात्यातूनच चित्रे ओढून आणण्याच्या प्रोग्रॅम-युक्त्या विद्यार्थ्यांत लवकरच पसरल्या. इंटरनेटवरून दूरध्वनी करण्याला तर १ एप्रिल २००२ पर्यंत मनाईच होती. परदेशी गेलेल्या मुलाशी संगणकावरून बोलणारा बाप कायद्याने गुन्हेगार ठरत होता.

नंतर मोबाइलवर जीपीआरएस आले. त्या वेळी एअरटेलच्या जाळ्यात जाण्याची दोन दारे होती, हे त्या काळी महाविद्यालयात असलेल्यांना आठवत असेल: एक 'मोबाइल ऑफिस'चे, ज्यातून संगणकालाही इंटरनेट मिळे, दुसरे 'एअरटेल लाइव्ह'चे, जे कंपनीच्या स्वतःच्या पानांपुरते मानलेले होते. फोनच्या सेटिंगमध्ये एक नाव बदलले की दार बदले. इतर कंपन्यांतही अशीच विभागणी कमी-अधिक प्रमाणात होती. कोणत्या नावाने कोणते दार उघडते याची टिपणे वसतिगृहांतून वहीच्या मागच्या पानावर फिरत.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि हे सारे जुने झाले. काही वर्षांपूर्वी ज्या एका जीबीला अडीचशे रुपयांच्या वर मोजावे लागत होते ती दहा-बारा रुपयांवर आली. हॉटस्पॉटला कोणी हरकत घेईनासे झाले. मग तंटा संपला असे म्हणायचे काय?

कागदावर तर तो ग्राहकाच्या बाजूने संपला आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटच्या समान वागणुकीविषयी मते मागविली तेव्हा दहा लाखांवर ई-पत्रे गेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास बंदी आली, आणि फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही निवडक संकेतस्थळांची फुकट योजना भारतातून मागे घेतली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी केल्या, आणि २०१८ साली त्या कंपन्यांच्या परवान्यांच्या अटींत उतरल्या. त्यांत असे म्हटले आहे की, पाठविणारा कोण, घेणारा कोण, एवढेच नव्हे तर वापरणाऱ्याचे यंत्र कोणते, यावरूनही डेटाला वेगळी वागणूक देता येणार नाही. 'वापरणाऱ्याचे यंत्र' हे शब्द महत्त्वाचे आहेत. युरोपात तर याच मुद्द्यावर निवाडा झाला. जर्मनीतील व्होडाफोनच्या एका योजनेत ठरावीक प्रोग्रॅमांचा डेटा कोट्यात मोजला जात नसे, पण तोच टेदरिंगने संगणकावर घेतला की मोजला जाई. २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय न्यायालयाने ही अट युरोपच्या कायद्याशी विसंगत ठरविली.

शिधा रोजचा, काम महिन्याचे

असे असता मानवतच्या मुख्याध्यापकाचा संगणक महिनाअखेरीस अडतो कशाने? तो मनाईच्या अटीने अडत नाही. तो पॅकच्या घडणीने अडतो. आपल्याकडील बहुतेक प्रीपेड योजना रोजच्या शिध्याच्या आहेत: दिवसाला दीड जीबी वा दोन जीबी, मध्यरात्री हिशेब बंद, उरले ते बुडाले, आणि शिधा आधी संपला तर वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर. हे माप फोन डोळ्यांसमोर ठेवून कापलेले आहे. फोनचा वापर रोजचा आणि साधारण सारखा असतो; थोडी गाणी, थोड्या चित्रफिती, थोडे निरोप. संगणकाचे काम तसे चालत नाही. वीस दिवस तो बंद असतो आणि माहिती भरण्याची शेवटची तारीख आली की दोन दिवसांत सहा-आठ जीबी खातो. दीड जीबी रोज म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे बेचाळीस जीबी होतात. एखाद्या शिक्षकाचे महिन्याचे एकूण काम त्याच्या निम्म्यात भागत असेल. तरीही ज्या दिवशी गरज त्या दिवशी त्याच्या हाती दीडच जीबी. पुढे ६४ किलोबिटने काय होते त्याचा हिशेब कोणालाही करता येईल: दोन एमबीचे प्रमाणपत्र चढवायला चार मिनिटांवर, दहा एमबीची पीडीएफ उतरवायला वीस मिनिटांवर, आणि तेही मध्ये जोडणी तुटली नाही तर. सरकारी संकेतस्थळ तितका वेळ थांबत नाही. ते बाहेर काढून पुन्हा परवलीचा शब्द विचारते.

त्यात भर म्हणून, संगणक जोडला की विंडोज आपली अद्ययावत आवृत्ती न विचारता ओढू लागते आणि दिवसाचा शिधा अर्ध्या तासात फस्त होतो. हे टाळण्याची सोय विंडोजमध्येच आहे. त्या जोडणीला 'मीटर्ड' म्हणून खूण करावी लागते. ज्या कचेऱ्यांतून कर्मचाऱ्यांना स्वतःच्या फोनवर सरकारी काम करावे लागते, त्यांनी निदान एवढे तरी शिकवायला हवे होते.

म्हणजे अमेरिकेत जे काम जादा शुल्काने केले गेले, ते येथे शिध्याच्या आकाराने होत आहे. मनाई नाही, म्हणून तक्रारीला जागा नाही. अडचण मात्र तीच. आणि ती सर्वांना सारखी नाही. पुण्यात वा छत्रपती संभाजीनगरात ज्याच्या घरी तारेचे इंटरनेट आहे त्याला शिध्याचा आकार कळतही नाही. ज्याचा संगणक मोबाइलच्या दाव्याला बांधलेला आहे, त्यालाच तो काचतो.

कंपन्यांच्या बाजूने एक म्हणणे मांडले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. मनोऱ्याची क्षमता वाटून घ्यायची असते. सायंकाळी सारे गाव एकाच वेळी पडद्यासमोर बसते, आणि एका घरातील संगणकाने भरमसाट ओढ लावली तर शेजारच्या दहा फोनांची गती मंदावते. शिवाय वीज मंडळसुद्धा घरगुती आणि व्यापारी दर वेगळे ठेवते. मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम १२६ लागू होते. मग डेटालाच सवलत का? उपमा चांगली आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. विजेचे दर राज्य विद्युत नियामक आयोगापुढे उघड सुनावणी होऊन ठरतात. ग्राहक संघटना तेथे आकडे मांडतात, भांडतात. डेटाच्या पॅकचे आकार बंद खोलीत ठरतात आणि त्यांच्या अटी बारीक टायपात, बहुधा इंग्रजीत, छापल्या जातात. आणि घरगुती मीटरवर दिवा लावा की पंखा, मंडळ विचारीत नाही. शेजाऱ्याला तार टाकून वीज विकणे हा गुन्हा. आपल्याच घरात दुसरा दिवा लावणे हा नव्हे. फोनचा डेटा आपल्याच संगणकाला देणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. गर्दीचा उपाय हवा असेल तर तो प्रमाणाचा असावा; किती घेतले हे पाहावे, कशावर घेतले हे नव्हे. ज्या योजना 'अमर्याद' म्हणून विकल्या जातात त्यांतही कंपन्यांनी अखेर आकडाच घातला आहे, काहींनी महिन्याला सुमारे तीनशे जीबीचा. तो आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आला तर भांडणाचे कारण उरणार नाही.

विक्रीची गोष्ट निराळी आहे हे येथे स्पष्ट केले पाहिजे. एखाद्या झेरॉक्सच्या दुकानदाराने आपल्या फोनचा हॉटस्पॉट तासावारी भाड्याने दिला तर तो करारभंग आहे, आणि धोकाही आहे. त्या जोडणीवरून कोणी काही गैर केले तर पोलीस प्रथम सिमकार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारी येतात. परवलीच्या शब्दाविना हॉटस्पॉट उघडा ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ज्याला रीतसर विकायचे आहे त्याच्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. चहाची टपरी किंवा किराणा दुकान यांनाही परवान्याविना, शुल्काविना वाय-फाय विकता येते.

पॅकचा आकार हा कंपन्यांचा खाजगी मामला आहे, त्यात नियामकाने हात घालू नये, असा एक सूर निघतो. पण नियामकाने हात घातलेला आहे. अठ्ठावीस दिवसांच्या 'महिन्या'विरुद्ध ओरड झाली तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतन होणारी योजना ठेवायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना डेटा नकोच त्यांच्यासाठी केवळ बोलण्याची व निरोपांची योजना ठेवण्याचे बंधन घातले. मग ज्यांना डेटा हवा आहे पण रोजच्या शिध्यात नको, त्यांच्यासाठी महिन्याचा एकरकमी डेटा, रोजच्या शिध्याच्याच भावाने, एका तरी योजनेत ठेवावा असे का सांगता येऊ नये? एकरकमी पॅक बाजारात अगदीच नाहीत असे नाही, पण जीबीचा भाव काढून पाहिला म्हणजे ते परवडत नाहीत. आणि उरलेला डेटा पुढे नेणे तंत्राला अशक्य आहे असेही नाही; व्होडाफोन आयडियाने २०२० पासून काही योजनांत सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारला देऊ केला. सरकारी कामाचा आठवडा नेमका उलटा आहे, एवढेच.

राज्य शासनाने या बाबतीत गप्प राहावे हे समजण्यासारखे नाही, कारण त्याचा कारभारच या दाव्यावर चालतो आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, तेव्हा कोठे त्यांची अडचण वर्तमानपत्रांत आली. शिक्षकांपाशी परत करायलाही काही नाही. फोन त्यांचा, डेटा त्यांचा. शाळेला तारेचे इंटरनेट देता येत नसेल तोवर डेटाची रक्कम सादिलातून मिळावी, आणि शेवटच्या तारखा ठरविताना जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या हाती त्या दिवशी दीड जीबीच आहे असे धरून चालावे, या दोन गोष्टींना दिल्लीची परवानगी लागत नाही.

ग्राहकाला एक मार्ग अलीकडे मोकळा झाला आहे. २००९ च्या एका निकालामुळे दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असा समज रूढ झाला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात तो दूर केला. मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेता येते. हॉटस्पॉटला जादा पैसे लावले, संगणक जोडताच वेग मुद्दाम पाडला, किंवा 'अमर्याद' म्हणून विकून न सांगितलेली मर्यादा घातली, तर प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे, आणि तेथेही दाद लागली नाही तर आयोगाकडे. पॅक घेतला त्या दिवशीच्या जाहिरातीचे आणि अटींचे चित्र फोनमध्ये जपून ठेवावे, कारण अटी मागाहून बदलतात. मानवतच्या ग्राहकासाठी हा आयोग परभणीला आहे, आणि मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही.